मी, फिल्मची पट्टी, आणि एक गळका शॉकअप

मित्रांनो, मी एक जुनी फिल्मची पट्टी आहे. लांबीला वीतभराहून थोडी कमी, रुंदीला दोन बोटं, रंगाने काळपट आणि स्वभावाने गप्प. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलंच नसेल. ज्यांच्या घरात माझी भावंडं आहेत त्यांनीही कधीतरी ड्रॉवर आवरताना "हे काय काळं काळं?" म्हणून चिमटीत धरलं असेल आणि पुन्हा ड्रॉवर लोटून दिला असेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटून घ्यायचा माझा पिंडच नाही. समोर येईल ते मी धरून ठेवते. ते बरं की वाईट, हे बघणाऱ्याने ठरवायचं.

एक खोड मात्र आहे, ती आधीच सांगते. मला सगळं उलटं दिसतं. पांढरा सदरा मला काळा दिसतो, काळे केस पांढरे दिसतात. त्यामुळे माझ्यावर फारसा कुणी विश्वास टाकत नाही. पण एखादी गोष्ट तिथे होती की नव्हती, याबाबत माझी कधीही चूक होत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात मिट्ट काळोखात झाला. आमच्या कुळात जन्मल्याबरोबर उजेड दिसला तर आयुष्य तिथेच संपतं. तो जपून, डोळ्याची पापणी लवेल एवढ्या वेळापुरताच बघायचा, आणि जे दिसेल ते जन्मभर सांभाळायचं. छत्तीस फोटोंच्या एका रोलची मी शेपटी होते. शेवटचे चार फोटो माझ्या वाट्याला यायचे होते.

तो रोल विकत घेतला एका टेलिफोन दुरुस्त करणाऱ्या माणसाने. त्याच्याकडे एक कॅमेरा होता आणि त्या कॅमेऱ्याला तो कुणालाही हात लावू देत नसे. रोलच्या पहिल्या बत्तीस फोटोंत त्याची बायको होती, मेहुण्या होत्या, शेजाऱ्यांचा कुत्रा तर तीनदा होता. तो स्वतः कुठेही नव्हता. ज्याच्या हातात कॅमेरा, तो फोटोत कुठून येणार?

मग त्याने मोटरसायकल घेतली. त्या दिवशी पहिल्यांदा, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचंच, त्याने कॅमेरा बायकोच्या हाती दिला. विमान चालवायला द्यावं इतक्या सूचना दिल्या. तिने चार फोटो काढले. पहिल्यात तो नव्या सदऱ्यात, हँडलवर एक हात ठेवून, पोट आत ओढून उभा आहे. हा फोटो झकास आला. दुसऱ्यात गाडी पूर्ण आहे, पण तो गळ्यापासून खालीच आहे. तिसऱ्यात बायकोचं बोट आहे. चौथ्यात त्यांची तीन वर्षांची मुलगी पेट्रोलच्या टाकीवर रडवेली होऊन बसली आहे आणि त्याने वाकून दोन्ही हातांनी तिची कंबर धरली आहे.

बोट सोडलं तर तिन्ही फोटोंत गाडीचं तोंड माझ्याकडे आहे. दिव्याच्या खालून चाकाकडे उतरणारे दोन पाय म्हणजे पुढचे शॉकॲब्सॉर्बर, ज्यांना सगळे नुसतं शॉकअप म्हणतात. त्या दोन्ही पायांवर वरून अर्ध्यापर्यंत काळ्या रबराचे, घड्याघड्यांचे भाते आहेत, पेटीच्या भात्यासारखे. माझ्यात ते अर्थातच पांढरे दिसतात. हे भाते लक्षात ठेवा.

फोटो छापून आले, अल्बममध्ये चिकटले, पाहुण्यांना दाखवले गेले. काही वर्षांनी न्हाणीघराच्या भिंतीतला नळ फुटला आणि पलीकडच्या कपाटातल्या अल्बमचा लगदा झाला. मी वाचले, कारण मला अल्बमात कधी जागाच मिळाली नव्हती. मी शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये, बटणांच्या डब्यात, एका पाकिटात पडून होते. मी तिथे आहे हे सगळेच विसरले. चार वर्षांपूर्वी तो माणूस गेला, तेव्हा घरात त्याचा म्हणून एकच फोटो उरला होता, ऑफिसच्या ओळखपत्रावरचा. त्यात तो असा दिसतो, की काच कुणी फोडली असं त्याला नुकतंच कुणीतरी विचारलं आहे.

त्याची मुलगी आता एकोणतीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला पाण्याची मीटरं वाचायचं काम लागलं, तेही गावाच्या टोकाला, जिथे घरं आधी उभी राहिली आणि रस्ते अजून यायचे आहेत. दिवसभर धूळ आणि खडी. वडिलांची मोटरसायकल तीन वर्षं चादरीखाली उभी होती, ती तिने बाहेर काढली. पाच महिने गाडी सुतासारखी सरळ चालली. मग एके दिवशी तिला पुढच्या उजव्या पायावर तेलाची ओली कडी दिसली. पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. आठवड्याभरात तेल खाली ओघळून चाकापर्यंत पोचलं, त्यावर धूळ बसून चिखल झाला आणि खड्ड्यात गेलं की पुढचं चाक ठण्णकन आपटायला लागलं. मग डाव्या पायानेही तोच धडा गिरवला.

तिने गाडी मेस्त्रीकडे नेली. वडिलांच्या वेळेपासून हाच मेस्त्री. साठी ओलांडलेला, हाताने पक्का आणि तोंडाने त्याहून पक्का. त्याच्या हातून गेलेलं काम परत येत नाही अशी त्याची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता. पुढच्या काउंटरवर त्याची थोरली बहीण नट, बोल्ट आणि बल्ब विकायला बसे. तिचं अर्धं लक्ष गिऱ्हाइकाकडे आणि अर्धं भावाच्या चुकांकडे असे.

मेस्त्रीने उकिडवं बसून तेल बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला. मग तो म्हणाला की सील दर वेळी फाटलेलंच असतं असं नाही. पाइप वरखाली होतो तेव्हा आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून रबराची एक कडी त्याला घट्ट धरून बसलेली असते, तिला सील म्हणायचं. तिच्या ओठात वाळूचा कण अडकला तरी तेल त्या फटीतून वाट काढतं. कण काढायला पातळ, चिवट आणि ओरखडा न काढणारं काहीतरी हवं, आणि त्यासाठी जुन्या फोटोच्या फिल्मसारखं दुसरं काही नाही. घरात असेल तर घेऊन ये, असं त्याने तिला सांगितलं.

अशी मी बटणांच्या डब्यातून बाहेर आले. तिने आईला विचारलं, आईने शिवणावरून मान वर न करता ड्रॉवर दाखवला, आणि मुलीने पाकीट न उघडताच खिशात टाकलं. दुकानात मेस्त्रीने मला बाहेर काढलं, एका टोकाला कात्री लावली आणि चौथा फोटो तोडून त्याचा हुकासारखा आकडा कापला. बघितलं कुणीच नाही. दुखलं का, असं विचाराल तर नाही दुखलं. पण तीन वर्षांची ती रडवेली मुलगी माझ्याकडे होती आणि आता नव्हती, एवढं मला कळलं.

त्याच क्षणी मी समोरची भिंत पाहिली. मेस्त्रीची शिस्त अशी, की प्रत्येक पान्याची आणि पकडीची आकृती त्याने भिंतीवर रंगाने काढून ठेवली होती. हत्यार जागेवर नसलं की रिकामी आकृती लगेच नजरेत भरायची. एकाच खिळ्याखाली आकृती नव्हती. त्या खिळ्याला डब्यातलं तेल इंजिनात ओतायचं नरसाळं टांगलं होतं. काळ्या रबराचं, घड्याघड्यांचं, वर निमुळतं आणि खाली रुंद.

मी ओळखलं. तो माझ्या गाडीचाच भाता होता. माझ्या अंगावर तो तीनदा उमटला होता, मी कशी चुकेन? तोंड असतं तर तिथेच बोलले असते आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण मला तोंड नाही, म्हणून मूग गिळून त्याच काउंटरवर, एका बरणीखाली पडून राहिले.

चौथ्या फोटोच्या आकड्याने काम चोख केलं. मेस्त्रीने तो पाइप आणि सीलच्या मधून सरकवला, गोल फिरवला, ओढला, आणि टोकाला करड्या कणांची रांग घेऊन आकडा बाहेर आला. दोन्ही पायांवरच्या कड्या आणि ओघळ पुसले गेले. मेस्त्रीने आकडा कचऱ्याच्या ट्रेमध्ये टाकला आणि बहिणीकडे अशा नजरेने पाहिलं की आता काहीतरी चांगलं बोल. ती नट मोजत राहिली.

आठ दिवसांनी गाडी परत आली.

या वेळी त्याने दोन्ही पाय उतरवले. पाइपवर नख फिरवून पाहिलं, ओरखडा नाही. पातळ पायमोजा पाइपवरून ओढला, कुठे धागा अडकला तर समजावं की तिथे गंजाचा खड्डा आहे. धागा अडकला नाही. जास्त तेल झालं तरी सीलवर दाब येतो, म्हणून तेल मापून भरलं. नवी सीलं बसवली. काम बावनकशी होतं, हे मी बरणीखालून सांगते. पण अकरा दिवसांनी गाडी पुन्हा दारात. मेस्त्रीने सील बनवणाऱ्यांना नावं ठेवली, तेलाला ठेवली, मग मुलगी खड्डे चुकवत नाही असंही म्हणून झालं. बहीण तिकडून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्याने पुन्हा उघडलं, पुन्हा नवी सीलं घातली. दोन्ही वेळा जुन्या सीलांच्या ओठात तीच बारीक करडी कचकच होती. ती त्याने पुसली. ती रोज कुठून येते, हा प्रश्न त्याला पडला नाही, कारण तो स्वतःच्या हातातली चूक शोधत होता आणि हातात ती नव्हतीच.

चौथ्यांदा गळती लागली तेव्हा त्याने हात टेकले. पण हात टेकले असं म्हणायला त्याची जीभ वळेना. तो म्हणाला, "गाडीचं वय झालं, पोरी. वडिलांची म्हणून किती दिवस कवटाळून बसणार? विकून टाक."

गाडी घरात आली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती, आणि वडील गेल्यावर घरात त्यांची म्हणून हीच एक वस्तू आवाज करत होती. पण मेस्त्रीचा शब्द तिच्या वडिलांनी कधी मोडला नव्हता. तिने जुन्या गाड्या घेणाऱ्या एकाला शनिवारी यायला सांगितलं, गाडी गळते हेही सांगितलं. तो म्हणाला, हरकत नाही, मी सुटे भाग करूनच विकतो.

शुक्रवारी सकाळी ती गाडी घेऊन दुकानात आली. "काका, एवढं शेवटचं," ती म्हणाली. "नवीन काही घालू नका. ते फिल्मचं करता ना, तेवढंच करा. संध्याकाळी आईला मागे बसवून एक चक्कर मारायचीय." गाडी तिथे सोडून ती चालत कामाला गेली.

पहिला आकडा ट्रेमध्ये कधीच गाडला गेला होता. मेस्त्रीने बरणी उचलली, मला ओढलं आणि कात्री घेतली. आता पाळी पहिल्या फोटोची होती, कारण बरणीबाहेर आलेलं टोक तेच होतं.

"कापायच्या आधी बघ तरी काय आहे ते," बहीण म्हणाली. "कुणाच्या तरी घरचं आहे."

"काय असणार? कुत्रं-मांजर."

"मग कुत्रं-मांजर बघ."

केवळ तिचं तोंड बंद व्हावं म्हणून त्याने मला दाराच्या उजेडासमोर धरलं. इतक्या वर्षांत माझ्यातून उजेड गेला नव्हता. काळ्या चेहऱ्याचा, पांढऱ्या केसांचा एक माणूस पोट आत ओढून उभा होता. मेस्त्री हसला. मुलीच्या वडिलांना, म्हणजे त्याच्या साहेबांना, त्याने ओळखलं. मग त्याची नजर गाडीवर उतरली, दिव्याखाली गेली आणि तिथे थांबली. दोन पांढरे भाते. त्याने मला खाली घेतलं, पुन्हा वर धरलं. मग हळूच मान वळवून खिळ्याकडे पाहिलं.

बहिणीने त्याच्या नजरेमागोमाग नजर नेली. तिला सगळं आठवायला वेळ लागला नाही. बारा वर्षांपूर्वी एका बाजूचा भाता चिरला होता. तेव्हा याच मेस्त्रीने साहेबांना सांगितलं होतं, की भात्यांत पाणी साठून पाइप गंजतात, दोन्ही काढून टाकू, गाडीही तरणी दिसेल. साहेबांनी मान डोलावली. चिरलेला भाता फेकला गेला आणि चांगल्याचं नरसाळं झालं. साहेबांचा रस्ता घर ते ऑफिस, गुळगुळीत डांबरी, म्हणून काही बिघडलं नाही. मुलगी दिवसभर धुळीत फिरते. उघड्या पाइपवर धूळ बसते, पाइप आत जाताना ती घेऊन जातो, आणि सील कितीही नवं असलं तरी आठ-दहा दिवसांत त्याच्या ओठात वाळू भरते. चूक मेस्त्रीच्या आजच्या हातात नव्हती. ती बारा वर्षांपूर्वीच्या हातात होती.

"काखेत कळसा," बहीण म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

मित्रांनो, आता मी तुम्हाला खरं सांगते. कात्री अजून त्याच्या उजव्या हातात होती. एक काप मारला असता तर पहिल्या फोटोचा आकडा झाला असता, कण निघाले असते, संध्याकाळी माय-लेकींची चक्कर झाली असती आणि शनिवारी गाडी सुटी होऊन चार गावांना गेली असती. त्याची ख्याती शाबूत राहिली असती. बहीण बोलकी असली तरी भावाला बाजारात उघडं पाडणारी नव्हती. त्याने कात्रीची पाती एकदा उघडली, एकदा मिटली. मला भीती वाटली का? भीती वाटणं माझ्या स्वभावात बसत नाही. पण त्या वेळी मला तोंड हवं होतं.

"तिला तू सांगतोस की मी सांगू?" बहिणीने विचारलं.

त्याने कात्री भिंतीवरच्या कात्रीच्या आकृतीवर नेऊन टांगली. "मी सांगतो," तो म्हणाला.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा गाडी स्टँडवर होती आणि मेस्त्री तिच्यापुढे हात पुसत उभा होता. हात स्वच्छ होते, तरी तो पुसत होता. "गाडी थकलेली नाही, पोरी," तो म्हणाला. "मी चुकलो, आणि वर तुला विकायला सांगितली." मग भाता, धूळ, बारा वर्षं, सगळं त्याने सांगितलं, आणि पुरावा म्हणून मला तिच्या हातात दिलं. "उजेडात धर. दिव्याच्या खाली बघ."

तिने धरलं. ती दिव्याखाली बघत नव्हती.

"भाता दिसला का?" त्याने विचारलं. "तो पांढरा. खाली, अगं."

तिला काही ऐकू गेलं असं वाटत नाही. तिने मला इतकं जवळ धरलं होतं की तिचा श्वास माझ्यावर येत होता. "बाबा आहेत," ती म्हणाली. मेस्त्री भात्याबद्दल सांगायचा थांबला.

मग तिने विचारलं, "याला अजून एक फोटो होता का? इथे कापलंय."

मेस्त्रीने कचऱ्याचा ट्रे जमिनीवर उपडा केला. लोखंडाचा कीस, तुटके वॉशर, वायरींची सालं यांतून बहीण-भावाने बोटांनी चाळत चाळत तो आकडा शोधला. तेलकट, चरे पडलेला, टोकाला झिजलेला. मेस्त्रीने तो साबणाच्या पाण्यात आपल्या हातांनी धुतला. एवढ्या हलक्या हाताने त्याने काही धुतलेलं बहिणीने कधी पाहिलं नव्हतं, असं तिनेच सांगितलं.

गाडीची हकीकत थोडक्यात सांगते. खिळ्यावरचा भाता गरम पाण्यात उकळून पुन्हा आपल्या पायावर चढला. दुसऱ्या पायासाठी बहिणीने माळ्यावरच्या खोक्यातून एक नवा शोधला, तो भलत्याच गाडीचा निघाला, दोन बोटं लांब. गाडी आता एका पायात आखूड आणि एका पायात लांब मोजा घातल्यासारखी दिसते. पण सहा महिने झाले, तेलाचा थेंब नाही. शनिवारी आलेल्या माणसाला मुलीने दारातूनच परत पाठवलं. मेस्त्री आता काहीही कापायचं असेल तर आधी उजेडात धरतो. परवा त्याने रबरी नळीही धरली. बहीण म्हणाली, "दिसला का कुणी आत?"

माझ्यावरून फोटो पुन्हा छापले गेले. मुलीने ते आईपुढे ठेवले. आईने पहिला उचलला, चष्मा वर केला, खाली केला. "हा सदरा मी दोनदा उसवून शिवला होता," ती म्हणाली. "खांद्यात बसत नव्हता." मग थोड्या वेळाने, "हात हलू नये म्हणून मी श्वास धरला होता."

दुसऱ्या फोटोला ती हसली, बोटाच्या फोटोला जास्त हसली. चौथा शेवटी आला. आकडा जोडून छापला तरी चरे ते चरेच. मुलीचा चेहरा पार खरवडून गेला होता, त्या जागी नुसता करडा धुरळा होता. खाली टाकी होती, भाते होते, आणि कंबरेला धरलेले दोन हात मात्र नखांसकट स्वच्छ आले होते.

"यात मी दिसतच नाही," मुलगी म्हणाली.

आईने त्या हातांवर बोट ठेवलं. "ही काय तू," ती म्हणाली. "धरलंय ना त्यांनी."

मी आता पुन्हा बटणांच्या डब्यात आहे, पाकिटावर माझं नाव आहे आणि तुटलेला तुकडा माझ्या शेजारी आहे. मित्रांनो, सगळं जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. जपायला घरात जागा लागते आणि ती सगळ्यांकडे नसते. माझं मागणं त्याहून लहान आहे. काहीही कापायच्या, फेकायच्या किंवा विकायच्या आधी ते एकदा उजेडासमोर धरून बघा. त्यानंतर कात्री लावलीत तरी माझी तक्रार नाही.